ड्रम्स पुढे आले, बेस मागे गेला: सिंपल माइंड्स रॉककडे वळला तेव्हा नेमकं काय बदललं?

सिंपल माइंड्स या ग्लासगोच्या बँडचं एक गाणं जगभर माहीत आहे: 'डोन्ट यू फर्गेट अबाउट मी'. १९८५ सालच्या 'द ब्रेकफास्ट क्लब' या अमेरिकी सिनेमात ते सुरुवातीला आणि शेवटी वाजतं. बँडचं नाव ठाऊक नसलेल्यांनाही त्याच्या शेवटचं 'ला ला ला ला' पाठ असतं. हे गाणं आवडलं म्हणून कुणी बँडचे जुने अल्बम शोधायला जातं, १९८० सालचा 'एम्पायर्स अँड डान्स' लावतं आणि चक्रावतं. थंड, यंत्रासारखा ठेका, गायकाचा आवाज कुठेतरी मागे, आणि सगळ्यांना मिळून गाता येईल अशी ओळ औषधालाही नाही. हा तोच बँड? पाचच वर्षांत?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की आधी ते न्यू वेव्ह होते, मग रॉक झाले. उत्तर खरं आहे, पण त्यातून समजत काहीच नाही. 'न्यू वेव्ह' आणि 'रॉक' ही दुकानातल्या कप्प्यांची नावं झाली. कानावर पडणाऱ्या आवाजात काय बदललं, ते कुणी बदललं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे समजून घेण्यात खरी मजा आहे. सिंपल माइंड्सचं उदाहरण त्यासाठी फार चांगलं आहे, कारण त्यांचा प्रवास एकेक अल्बम करत टप्प्याटप्प्याने ऐकता येतो.

आपल्याकडे या गोंधळात आणखी एक भर पडली. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आलं ते १९९१ साली. तोवर या बँडचं रॉक रूप जगभर रुजलेलं होतं. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची ओळख झाली ती या शेवटच्या रूपाशी. आधीचं रूप नंतर, उलट्या क्रमाने कळलं.

न्यू वेव्ह म्हणजे काय?

१९७६-७७मध्ये ब्रिटनमध्ये पंक आलं. वाजवता येत नसलं तरी चालेल, तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे गट) येत असतील तर बँड काढा, असा तो काळ होता. सिंपल माइंड्सचे जिम केर (गायक) आणि चार्ली बर्चिल (गिटार) हे ग्लासगोचे दोस्त आधी अशाच एका पंक बँडमध्ये होते. तो बँड १९७७ साली एकच सिंगल काढून संपला.

पंकमधली मोकळीक घेऊन, पण त्याचा तीन कॉर्डचा साचा सोडून जे पुढे गेले, त्या सगळ्यांना ढोबळपणे न्यू वेव्ह म्हणतात. हे लोक जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं यंत्रसंगीत ऐकत होते, डिस्को ऐकत होते, फंक ऐकत होते. सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या लहरींपासून आवाज घडवणारं कीबोर्ड, तोवर महाग आणि अवजड होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते तरुण पोरांच्या आवाक्यात आलं. त्याच्या जोडीला सिक्वेन्सर आला. सिक्वेन्सरला सुरांची एक ओळ एकदा सांगून ठेवली की तो ती न थकता, न चुकता पुन्हा पुन्हा वाजवत राहतो.

या दुसऱ्या यंत्राने गाण्याची घडणच बदलली. रॉक गाणं साधारणपणे चढत जातं: कडवं, मग थोडा ताण, मग ध्रुवपद फुटतं आणि सगळे गातात. न्यू वेव्हच्या या शाखेतलं गाणं आवर्तनात फिरतं. एक आकृती सुरू होते, तिच्यावर दुसरी बसते, मग तिसरी. चढायचं कुठेच नसतं. 'एम्पायर्स अँड डान्स'मधलं पहिलंच गाणं, 'आय ट्रॅव्हल', असं आहे. ते आगगाडीसारखं धावतं आणि स्टेशन येतच नाही. युरोपभर फिरताना, सरहद्दी ओलांडताना सुचलेल्या गाण्यांना ही घडण अगदी शोभून दिसते.

मग त्यात पुढे कोण होतं?

बहुतेकांना वाटतं, सिंथेसायझर. मिक मॅकनीलचा कीबोर्ड महत्त्वाचा होताच, पण माझ्या मते त्या काळातल्या सिंपल माइंड्सचा नायक होता बेस गिटार वाजवणारा डेरेक फोर्ब्स.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या पट्टीतली गिटार. रॉकमध्ये तिचं काम बहुधा पाया धरण्याचं असतं. नसली तर चुकचुकतं, असली तर लक्ष जात नाही. इथे उलटं होतं. १९८१ सालचं 'थीम फॉर ग्रेट सिटीज' ऐका. त्यात गायन नाहीच. फोर्ब्स एक बेसची ओळ धरतो आणि ती इतकी गात राहते, की शब्दांची उणीव भासत नाही. बर्चिलची गिटार वरून नुसती चकाकते, मॅकनील मागे रंग भरतो, ड्रमर ब्रायन मॅगी ठेका सोडत नाही. केर जेव्हा गातो तेव्हाही त्याचा आवाज या विणकामातला एक धागा असतो, मालक नसतो.

हे ध्यानात राहू द्या, कारण पुढे जे घडलं त्याचा सगळा अर्थ इथे दडलेला आहे.

तीन ड्रमर आणि एक अल्बम

मॅगी १९८१ साली बँड सोडून गेला. सतत फिरती त्याला झेपेना. सप्टेंबर १९८२मध्ये 'न्यू गोल्ड ड्रीम' आला, त्यात तीन वेगवेगळे ड्रमर आहेत. केनी हिस्लॉप 'प्रॉमिस्ड यू अ मिरॅकल' वाजवून गेला. मग माइक ओगलट्री आला, त्याचा हात हलका आणि नाजूक. निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार, पीटर वॉल्शने त्याच्या जोडीला लंडनचा एक तरुण ड्रमर बोलावला, मेल गेनर. अल्बमच्या शीर्षकगीतात ओगलट्री आणि गेनर दोघंही आहेत.

पुढे बँडमध्ये राहिला तो गेनर. त्याचा हात जबरदस्त वजनदार होता. गेनर आला आणि बँडचा गुरुत्वमध्य सरकला. 'न्यू गोल्ड ड्रीम' अजून न्यू वेव्हच आहे, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या चळवळीतल्या सर्वांत सुंदर अल्बमांपैकी एक आहे. त्यातलं 'समवन समव्हेअर इन समरटाइम' सुरू होतं तेव्हा कुठलंही वाद्य दुसऱ्याला ढकलत नाही. सगळा आवाज धुक्यात ऊन पडावं तसा एकसंध आहे. पण खोलीत आता एक असा माणूस बसलेला होता, जो ठरवलं तर बाकी सगळ्यांना झाकून टाकू शकत होता.

ड्रम्सचा आवाज एवढा मोठा कसा झाला?

आता थोडं तंत्र. हा भाग कळला की ऐंशीच्या दशकातलं अर्धं संगीत कळतं.

ड्रमवर काठी मारली की दोन आवाज येतात. एक काठीचा आणि कातड्याचा. दुसरा खोलीचा, म्हणजे भिंतींवरून, छतावरून परत येणारा घुमारा. या दुसऱ्या आवाजाला रिव्हर्ब म्हणतात. सत्तरच्या दशकात स्टुडिओत तो जवळपास मारून टाकायचे. खोलीला गालिचे, ड्रममध्ये उशा; आवाज कोरडा आणि जवळचा. खोलीचा घुमारा मोठा ठेवला तर ड्रम भव्य वाटतो खरा, पण एका ठोक्याचा घुमारा दुसऱ्या ठोक्यात मिसळून सगळं गढूळ होतं.

१९८० साली आलेल्या, ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चाललेलं असताना लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत यावर तोडगा सापडला. ड्रमवर फिल कॉलिन्स होता, ध्वनिमुद्रण ह्यू पॅजम करत होता आणि निर्माता होता स्टीव्ह लिलीव्हाइट. दगडी भिंतींच्या खोलीत ड्रम वाजवायचे. वादकांचं बोलणं नियंत्रण कक्षात ऐकू यावं म्हणून छताला टांगलेल्या माइकमधून ते खूप दाबून (मोठे आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणून) घ्यायचे, म्हणजे घुमारा काठीच्या आवाजाइतकाच मोठा होतो. आणि मग गेट लावायचं. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार लावून घेणारं उपकरण. देवळातली घंटा जोरात वाजवावी आणि घुमारा पूर्ण भरलेला असताना तिचा लोलक आणि काठ हातांनी गच्च धरावा, तसा परिणाम होतो. भव्यता पुरेपूर मिळते आणि पुढच्या ठोक्यासाठी जागा लख्ख मोकळी होते. गेब्रियलच्या 'इंट्रूडर' या गाण्यात कॉलिन्सने झांजा वाजवल्याच नाहीत. त्यामुळे हा परिणाम तिथे अगदी उघडा ऐकू येतो.

योगायोग बघा. त्याच वर्षी, १९८०मध्ये, सिंपल माइंड्स युरोपच्या दौऱ्यात याच पीटर गेब्रियलच्या आधी वाजवत होते. आणि १९८३ साली रॉककडे वळायचं ठरलं, तेव्हा त्यांनी निर्माता म्हणून बोलावलं ते स्टीव्ह लिलीव्हाइटला. त्याने तोवर डब्लिनच्या यू२ या रॉक बँडचे पहिले तीन अल्बम केले होते.

एका सुराचं गाणं

लिलीव्हाइटबरोबर केलेला 'स्पार्कल इन द रेन' फेब्रुवारी १९८४मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'वॉटरफ्रंट' हे या सगळ्या बदलाचं सगळ्यात जवळून दिसणारं चित्र आहे.

गाणं सुरू होतं ते बेसवर. फोर्ब्स एकच सूर वाजवतो. तोच. पुन्हा तोच. त्याच्या बेसला डिले लावलेला आहे. डिले म्हणजे वाजवलेला आवाज क्षणभराने पुन्हा ऐकवणारं यंत्र. त्यामुळे वाजवलेल्या दोन सुरांच्या मधल्या जागेत त्यांचे पडसाद येऊन बसतात आणि एका सुराचं स्पंदन तयार होतं. केरच्या डोक्यात ग्लासगोची क्लाइड नदी होती, जिच्या काठावरचा जहाजबांधणीचा धंदा उतरणीला लागला होता. रिकाम्या गोद्यांच्या गावात अजूनही चालू असलेली एखादी मोटर दुरून ऐकू यावी, तसा तो बेस वाटतो. आणि मग गेनर येतो. ड्रम अक्षरशः कोसळतात. त्यानंतर बर्चिलची गिटार येते ती चकाकायला नव्हे, भिंत उभी करायला.

यात काय घडलं ते पाहा. 'थीम फॉर ग्रेट सिटीज'मध्ये गाणारा बेस इथे एका सुरावर उभा राहिला. तो अजून महत्त्वाचा आहे, किंबहुना गाणं त्याच्याशिवाय उभंच राहत नाही. पण त्याने चाल सोडली आणि नुसती शक्ती ठेवली. मोकळी झालेली जागा ड्रमने घेतली. मला हा फार धाडसी निर्णय वाटतो. वादकाने आपलं कौशल्य बाजूला ठेवून गाण्याला जे हवं तेवढंच द्यायचं, हे सोपं नसतं.

या गाण्याचा व्हिडिओ ग्लासगोच्या बॅरोलँड बॉलरूममध्ये चित्रित झाला. ते जुनं नाचघर त्यानंतर मैफलींची जागा म्हणून पुन्हा उभं राहिलं आणि आज स्कॉटलंडमधल्या सगळ्यात लाडक्या जागांपैकी एक आहे.

मोठ्या जागेला रॉकच का लागतं?

ऑगस्ट १९८३मध्ये सिंपल माइंड्स डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये यू२च्या मोठ्या मैफलीत वाजवले. मोकळं आभाळ, प्रचंड गर्दी. अशा जागेत काय चालतं आणि काय नाही, याला भौतिकशास्त्र कारण आहे.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून १०० मीटरवर उभ्या माणसाला ठोका जवळपास ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो मागच्या भिंतीवर आपटून परत रंगमंचापाशी यायला ०.६ सेकंद लागतात. आता मिनिटाला १२० मात्रांचं गाणं घ्या: एका मात्रेला अर्धा सेकंद. म्हणजे परतलेला आवाज पुढच्या मात्रेत घुसतो. फोर्ब्सची १९८१ सालची चपळ, बारीक विणीची बेसची ओळ तिथे नुसता गढूळ घों-घों आवाज होते. उलट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा एकेक दणका, मध्ये भरपूर जागा, लांब खेचलेले सूर आणि चार शब्दांचं ध्रुवपद हे सगळं शेवटच्या रांगेपर्यंत जसंच्या तसं पोचतं.

म्हणून स्टेडियममध्ये वाजवणारे बँड एकसारखे वाटू लागतात. त्यात अनुकरण असतं, पण जागेचाही हात असतो. लहान क्लबात जन्मलेलं संगीत मोठ्या मैदानावर नेलं की ते विरळ आणि ठळक करावंच लागतं.

हे सगळं पैशासाठीच केलं ना?

हा पहिला आक्षेप, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अमेरिका मोठी बाजारपेठ होती आणि १९८४पर्यंत तिथे या बँडला मोठं यश नव्हतं.

पण तपशील थोडा गुंतागुंतीचा आहे. 'डोन्ट यू' हे गाणं सिंपल माइंड्सने लिहिलेलंच नाही. किथ फॉर्सी आणि स्टीव्ह शिफ यांनी ते त्या सिनेमासाठी लिहिलं होतं. ब्रायन फेरी आणि बिली आयडॉल या गायकांनी ते नाकारलं होतं. सिंपल माइंड्सनीही आधी नकार दिला, दुसऱ्याचं गाणं कशाला गायचं म्हणून. बरीच मनधरणी झाल्यावर त्यांनी ते काही तासांत उरकलं. शेवटी शब्द नव्हते, तिथे केरने जागा भरायला 'ला ला ला' गायलं. मे १९८५मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम' या अल्बममध्ये हे गाणं नव्हतं! नुसता पैसाच बघायचा असता तर एवढी मोठी ठेव कुणी बाहेर ठेवली नसती.

त्या अल्बमवर मात्र अमेरिकेचा ठसा स्पष्ट आहे. निर्माते होते जिमी आयोवीन आणि बॉब क्लिअरमाउंटन. क्लिअरमाउंटनने त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यूएसए'चं मिक्सिंग केलं होतं. केरचा आवाज आता पार पुढे आला. जोडीला रॉबिन क्लार्कचा दणदणीत गॉस्पेल (अमेरिकी चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) वळणाचा आवाज आला. 'अलाइव्ह अँड किकिंग' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि बेसवर होता जॉन गिब्लिन. डेरेक फोर्ब्स त्याच वर्षी बँडबाहेर गेला होता. गिब्लिन उत्तम वादक होता, पण या गाण्यांना बेसकडून हवा होता तो फक्त पाया. बेस रॉकमधल्या त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला होता. मला या अल्बममधली ताकद आवडते, पण प्रत्येक वेळी ऐकताना फोर्ब्सची आठवण येते, हे खरं आहे.

गिटार वाढवली की झालं रॉक?

नाही, आणि याच गैरसमजासाठी हा लेख लिहावासा वाटला. 'अलाइव्ह अँड किकिंग' पुन्हा ऐका. ते सुरू होतं मॅकनीलच्या कीबोर्डवर आणि त्याचा मुख्य आकार शेवटपर्यंत कीबोर्डच धरून ठेवतो. गिटार आहे, पण ती एकटी गाणं ओढत नाही. तरी ऐकणाऱ्याला ते रॉकच वाटतं. का? कारण गाण्यातल्या जागेची वाटणी बदलली आहे. आवर्तन जाऊन चढण आली. बेसची चाल जाऊन ड्रमचा दणका आला. विणकामातला धागा असलेला आवाज पुढे येऊन थेट तुमच्याशी बोलू लागला. वाद्यं तीच ठेवून एवढं केलं तरी गाणं रॉक होतं. उलट नुसत्या गिटारा वाढवल्या आणि बाकी वाटणी तशीच ठेवली, तर होत नाही.

लंडनच्या स्पँडाऊ बॅले या बँडने १९८६ साली 'थ्रू द बॅरिकेड्स' या अल्बममध्ये हे वळण घेऊन पाहिलं. शीर्षकगीत खरोखर चांगलं आहे आणि ब्रिटनमध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण बाकी अल्बममध्ये गुळगुळीत नाचगाण्यांच्या बँडवर रॉकचा कोट चढवल्यासारखं वाटत राहतं. पुढचा अल्बम ब्रिटनमध्ये चालला नाही आणि १९९०मध्ये बँड थांबला.

यू२ची नक्कल?

निर्माता तोच, मैदान तेच, गायकाचे हात पसरून उभं राहणंही तसंच. त्या काळच्या समीक्षकांनी हे भरपूर उगाळलं. पण तारखा लावून पाहिल्या तर गंमत दिसते. सिंपल माइंड्स लिलीव्हाइटकडे गेले, तेव्हा यू२ने त्यालाच सोडलं आणि १९८४ सालच्या अल्बमसाठी ब्रायन ईनो आणि डॅनिएल लानवा या निर्मात्यांना बोलावलं. त्यांना हवं होतं ते धूसर, हवेत तरंगणारं वातावरण, म्हणजे 'न्यू गोल्ड ड्रीम'मध्ये जे भरून होतं तेच. दोन बँड एकमेकांच्या दिशेने चालत होते. नक्कल हा शब्द इथे तोकडा पडतो.

सिंथेसायझर खोटा आणि रॉक खरा, असं काही आहे का?

ही समजूत फार चिवट आहे. हातांनी वाजवलं की प्रामाणिक, यंत्राने वाजवलं की नकली. 'न्यू गोल्ड ड्रीम'मधल्या 'हंटर अँड द हंटेड' या गाण्यात एक सिंथेसायझरचा सोलो आहे, तो वाजवलाय जॅझमधल्या थोर पियानोवादकांपैकी एक असलेल्या हर्बी हॅनकॉकने. यंत्र खोटं असतं तर तो हात त्याच्याकडे वळला नसता.

यातली दुसरी बाजू डेपेश मोडने दाखवली. एसेक्समधल्या बॅझिल्डनचा हा बँड पहिल्यापासून यंत्रांवर उभा होता. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये त्यांनी साठ हजारांहून जास्त लोकांसमोर कीबोर्डवर आणि आधी मुद्रित केलेल्या ठेक्यांवर मैफल केली. म्हणजे मैदान भरायला गिटार आणि ड्रम लागतातच असं नाही. ठेका विरळ आणि ठळक हवा, इतकंच.

मग त्यांनी १९९३मध्ये 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' हा रॉककडे झुकलेला अल्बम का काढला? मैदानं तर आधीच भरत होती. त्यांना कामाची पद्धत बदलायची होती. 'व्हायोलेटर' या १९९०च्या अल्बमने त्यांना शिखरावर नेलं होतं आणि तेच पुन्हा करायचं नव्हतं. गायक डेव्ह गॅन अमेरिकेत राहून, केस वाढवून, तिथलं कर्कश रॉक ऐकून परतला होता. निर्माता फ्लडच्या सल्ल्याने माद्रिदमध्ये बंगला भाड्याने घेऊन सगळे एकत्र राहिले. बँडमधला अ‍ॅलन वाइल्डर चक्क ड्रम वाजवायला बसला. पण पुढचं ऐका: ते वाजवलेले ड्रम त्यांनी जसेच्या तसे ठेवले नाहीत. त्यातले तुकडे कापून, सँपलरमध्ये (मुद्रित आवाजाचे तुकडे हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात) भरून पुन्हा पुन्हा फिरवले. माणसाच्या हाताचा घाम आणि यंत्राचं आवर्तन, दोन्ही एकाच ठेक्यात. 'आय फील यू' सुरू होताना जो उग्र दणका बसतो त्यात हे दोन्ही ऐकू येतं. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. माझ्या मते रॉककडे गेलेल्या सगळ्या न्यू वेव्ह बँडमध्ये हा मार्ग सर्वांत हुशारीचा होता, कारण त्यांनी रॉकचा माल घेतला आणि स्वतःची रीत सोडली नाही.

किंमत मात्र त्यांनीही चुकवली. त्या प्रदीर्घ दौऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात बँडमधला अँड्र्यू फ्लेचर नव्हता, १९९५ साली वाइल्डर बँड सोडून गेला, आणि गॅन व्यसनात इतका खोल गेला की १९९६मध्ये मरता मरता वाचला.

सिंपल माइंड्सचं पुढे काय झालं?

१९८९ साली ते 'स्ट्रीट फायटिंग इयर्स'पर्यंत पोचले. त्यातलं 'बेलफास्ट चाइल्ड' एका जुन्या आयरिश लोकगीताच्या चालीवर बांधलेलं आहे, सहा मिनिटांहून मोठं आहे, आणि तरीही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी जून १९८८मध्ये वेम्बलीला झालेल्या मैफलीसाठी लिहिलेलं 'मंडेला डे'ही याच अल्बममध्ये आहे. गाणी आता जाहीर सभेएवढी मोठी झाली होती. त्यानंतरच्या दौऱ्यानंतर मॅकनील गेला, आणि त्याच्याबरोबर जुन्या आवाजाचा उरलेला मोठा भागही गेला. नव्वदच्या दशकात ग्रंज हे खरखरीत, अनलंकृत रॉक आल्यावर स्टेडियम रॉकची सद्दी ओसरली. १९९८ सालच्या 'नेआपोलिस'मध्ये त्यांनी पुन्हा इलेक्ट्रॉनिक आवाजाकडे वळून पाहिलं, पण तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

२०१२ साली मात्र त्यांनी एक वेगळाच दौरा काढला. पहिल्या पाच अल्बमांमधली प्रत्येकी पाच गाणी, म्हणजे सगळी १९७९ ते १९८२मधली, स्टेडियमच्या आधीची. ज्या गाण्यांवरून नंतरचे चाहते चक्रावतात, त्याच गाण्यांसाठी तिकिटं काढून लोक आले. ड्रमवर मेल गेनर होता. जी गाणी मॅगीने वाजवली होती ती आता त्या वजनदार हाताखालून येत होती.

तुम्हाला हा बदल कानांनी तपासायचा असेल तर हेडफोन लावा आणि चार गाणी या क्रमाने ऐका: 'थीम फॉर ग्रेट सिटीज', 'समवन समव्हेअर इन समरटाइम', 'वॉटरफ्रंट', 'अलाइव्ह अँड किकिंग'. गायकाकडे लक्ष देऊ नका. चारही वेळा फक्त बेसचा माग काढा आणि तो कुठे गातो, कुठे एका सुरावर थांबतो आणि कुठे शोधावा लागतो, ते पाहा.